मूळ कारण, एका वाक्यात

आमच्या धंद्यात काही मोठं बंद पडलं की दुसऱ्या दिवशी एक डॉक्युमेंट लिहावं लागतं. काय झालं, किती वाजता झालं, आधी कुणाच्या लक्षात आलं, दुरुस्त कसं केलं. त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात, मेलेलं कुणी नसलं तरी. त्यात एक रकाना असतो, 'मूळ कारण'. माझ्या तेव्हाच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये त्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'एका वाक्यात'.

दोन वर्षांपूर्वी मी त्या रकान्यात एक वाक्य लिहिलं. ते खोटं नव्हतं. आजही कुणी ते वाक्य समोर धरून 'यात चूक काय आहे, दाखव' म्हणालं तर मला दाखवता येणार नाही. तरी गेल्या गणपतीत, घरी पडवीत बसून यीस्टबद्दल ऐकताना ते वाक्य आठवलं, आणि पुढे कित्येक दिवस डोक्यातून जाईना. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. पण आधी यीस्टबद्दल बोलावं लागेल.

माझी मावसबहीण पुण्यात पीएचडी करते. गणपतीला रत्नागिरीला आली की दरवर्षी कुणीतरी काका तिला विचारतात, "मग, नक्की करतेस काय तू तिथे?" ती दरवर्षी वेगळं उत्तर देते. यंदा म्हणाली, "यीस्ट मारते. एकेक जनुक काढून मरत नाही, म्हणून जोडीजोडीने काढते." काकांनी समजल्यासारखी मान हलवली आणि ते मोदकांकडे वळले. मी बसून राहिलो, कारण 'जोडीने' हा शब्द मला टोचला होता. का टोचला ते तेव्हा कळलं नव्हतं.

यीस्ट आमच्याकडे ओळखीचा आहे, नावाने नसला तरी. बेकरीतला पाव तोच फुगवतो. माडावरून उतरवलेला गोड रस काही तासांत फसफसायला लागतो आणि त्याची माडी होते, तेही मुख्यतः त्याचंच काम. प्रयोगशाळेत त्याचं पूर्ण नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. एका पेशीचा जीव. १६ गुणसूत्रं, डीएनएची साधारण १.२ कोटी अक्षरं, सुमारे ६००० जनुकं. खायला नीट मिळालं तर दीड तासात एकाचे दोन. पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांपैकी ज्याचा संपूर्ण जीनोम सर्वांत आधी वाचला गेला तो हाच, १९९६ साली. त्याची बरीच यंत्रसामग्री आपल्यासारखीच आहे, म्हणून माणसाबद्दलचे प्रश्न त्याला विचारतात. त्याची परवानगी लागत नाही, हा आणखी एक फायदा.

ताई ज्या प्रथिनांवर काम करते त्यांना हेलिकेज म्हणतात. ते काय करतात हे तिने पडवीत पडलेला सुंभाचा तुकडा उचलून दाखवलं. दोन पेड एकमेकांभोवती पिळलेले, डीएनएसारखे. तिने टोकाशी एकेक पेड एकेका हातात धरला आणि फाकवला. फाकवला तेवढा सुटला, पण पुढचा दोर आवळत गेला आणि थोड्या वेळाने त्याला वेटोळी पडली. पेशीला डीएनए वाचायचा असो, त्याची प्रत काढायची असो, तुटलेला दुरुस्त करायचा असो, आधी हे दोन पेड सोडवावे लागतात. हे सोडवण्याचं काम हेलिकेजचं. ते एटीपी जाळतात आणि धाग्यावरून सरकत सरकत पीळ उलगडतात. सोडवताना जो गुंता होतो त्यासाठी टोपोआयसोमरेज नावाचा दुसरा गट आहे, तो धागा कापतो, पलीकडचा धागा त्यातून जाऊ देतो आणि परत जोडतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आमच्याकडे हट्टी माणसाबद्दल म्हणतात. पेशीला सुंभ न जाळता पीळ घालवायचा असतो, तोही दर दीड तासाला.

यीस्टमध्ये असे हेलिकेज अनेक आहेत. त्यातल्या एकाचं नाव एसजीएस१. हे नाव ज्या इंग्रजी शब्दांवरून पडलं त्यांचा अर्थ 'मंद वाढ दडपणारा' असा होतो, आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडली. टॉप३ हा एक टोपोआयसोमरेज. तो काढून टाकला तर यीस्ट रडतखडत वाढतो. १९९४ साली संशोधकांच्या लक्षात आलं की अशा आजारी यीस्टमध्ये आणखी एक जनुक बिघडलं की तो बराच सुधारतो. ते दुसरं जनुक म्हणजे एसजीएस१. पुढे कळलं ते असं की हे दोघं एकमेकांना धरून काम करतात. एकजण गुंता उघडतो, दुसरा तो निस्तरतो. निस्तरणारा नसेल तर उघडणारा प्रत्येक वेळी अर्धवट काम सोडून जातो, आणि अर्धवट काम न केलेल्या कामापेक्षा महाग पडतं. घराचं प्लास्टर उकरून गवंडी गावाला गेला की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे या प्रथिनाची जगाशी ओळखच 'हा नसला की बरं वाटतं' अशी झाली. खरं तर ते फार कामाचं प्रथिन आहे. माणसात त्याचे जे नातलग आहेत त्यातला एक बिघडला तर ब्लूम सिंड्रोम होतो, लहान चण, उन्हाने उठणारे चट्टे, कमी वयात कॅन्सर. दुसरा बिघडला तर वर्नर सिंड्रोम, त्यात विशीत केस पांढरे व्हायला लागतात आणि तिशीत मोतीबिंदू. पण ज्या पहिल्या प्रसंगात ते भेटलं त्यात ते नकोसं होतं, आणि नाव तेच राहिलं.

आता दुसरा हेलिकेज, एसआरएस२. याचं काम समजायला आधी रॅड५१ समजायला हवा. डीएनए तुटला की रॅड५१ उघड्या पडलेल्या एकेरी धाग्याला गुंडाळून बसतो आणि त्याच मजकुराची दुसरी प्रत शोधायला निघतो, म्हणजे तिच्यावरून तुटलेला भाग पुन्हा लिहिता येईल. दुरुस्ती खात्यातला सगळ्यात कष्टाळू कामगार. पण कधी कधी तो गरज नसताना बसतो, किंवा चुकीच्या जागी जोडणी सुरू करतो. तेव्हा एसआरएस२ धाग्यावरून सरकत येतो आणि रॅड५१ला ओरबाडून काढतो. हे २००३ साली परीक्षानळीत दाखवलं गेलं. आणि रॅड५१ने जोडणी सुरू केलीच, दोन डीएनए एकमेकांत अडकले, तर ते अडकलेपण सोडवायला एसजीएस१ आणि टॉप३ असतात.

एकटा एसजीएस१ काढा, यीस्ट जगतो. थोडा अशक्त, आयुष्य कमी, पण जगतो. एकटा एसआरएस२ काढा, जगतो. दोन्ही काढा. बहुतेक पेशी वाढत नाहीत, मरतात.

इथपर्यंत मला आश्चर्य वाटलं नव्हतं. दोन ब्रेक असलेली गाडी एका ब्रेकवर थांबते, दोन्ही गेले तर थांबत नाही. मग ताईने पुढचं सांगितलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्या मरणाऱ्या यीस्टमधून तिसरं जनुक काढलं, रॅड५१. दुरुस्ती करणारं. आणि पेशी पुन्हा वाढायला लागल्या.

म्हणजे दोन गोष्टी नसल्यामुळे पेशी मरत होती असं म्हणावं, तर त्या अजूनही नाहीत आणि पेशी जिवंत आहे. तिला मारत होती ती दुरुस्ती. सुरू व्हायची, कुणी तिला अडवायला नाही, कुणी सोडवायला नाही, आणि पेशी स्वतःच्याच अर्धवट दुरुस्तीत गुरफटून जायची.

"मग मारलं कुणी तिला?" मी विचारलं.

"हा प्रश्न आमच्याकडे विचारत नाहीत रे," ताई म्हणाली. "आम्ही तक्त्यात जोडी लिहितो. या रांगेत हा, त्या रांगेत तो, आणि चौकोनात लाल ठिपका."

तो तक्ता केवढा आहे हे मी नंतर शोधलं. यीस्टच्या सुमारे ६००० जनुकांपैकी साधारण १००० अशी आहेत की एकटं काढलं तरी पेशी मरते. बाकीची एकेकटी काढली तर प्रयोगशाळेच्या खुराकावर पेशी कसंबसं निभावते. मग टोरांटोतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोड्या तपासल्या. २०१६ साली त्यांनी मांडलेल्या नकाशात २ कोटी ३० लाखांच्या आसपास जोड्या होत्या. त्यात सुमारे साडेपाच लाख जोड्यांमध्ये दोन्ही काढल्यावर पेशीची अवस्था अपेक्षेपेक्षा वाईट झाली, आणि सुमारे साडेतीन लाखांमध्ये अपेक्षेपेक्षा बरी.

यातल्या कित्येक जोड्यांमधली प्रथिनं एकमेकांना कधी शिवतही नाहीत. दोन प्रथिनं प्रत्यक्ष एकमेकांना चिकटतात का हे तपासायची वेगळी रीत आहे, १९८९ साली स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू सॉन्ग यांनी काढलेली. त्यात दोन प्रथिनांना एका स्विचचे दोन तुकडे बांधतात आणि ती एकमेकांना धरतात तेव्हाच दिवा लागतो. एसजीएस१ आणि टॉप३ यांचं नातं असं हातात हात घालण्याचं. पण तक्त्यातलं नातं त्याहून सैल आहे. तिथे 'अ' आणि 'ब' यांचा संबंध एवढाच की 'अ' गेल्यावर 'ब'वर सगळा भार येतो, आणि तो येईपर्यंत 'ब'लाही त्याचा पत्ता नसतो.

आता माझ्या वाक्याकडे येतो.

आमची सेवा छोट्या दुकानदारांसाठी होती. दिवसभर ग्राहकांनी दिलेले पैसे संध्याकाळी दुकानदाराच्या खात्यात वळते करायचे. एका गुरुवारी माझ्या एका सहकाऱ्याने सकाळी ११.३५ला एक बदल सोडला. डेटाबेससमोर एक कॅश होता, एकदा विचारलेलं उत्तर थोडा वेळ लक्षात ठेवणारा. तो कधी कधी शिळी शिल्लक दाखवायचा, दुकानदार घाबरून फोन करायचे, म्हणून त्याने तो काढला. त्याच दिवशी दुपारी ४.१०ला मी एक बदल सोडला. आधी एखादी विनंती फसली की आमचा प्रोग्राम ती तीनदा पुन्हा पाठवायचा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. मी ते दहादा केलं आणि थांबणं कमी केलं. कारण गावाकडचे दुकानदार. नेटवर्क एक काडी असतं, तेही दुकानाच्या दारात उभं राहिल्यावर, हे मला घरच्या अनुभवाने माहीत. तीन प्रयत्नांत त्यांचं काम व्हायचं नाही. दोन्ही बदल दुसऱ्यांनी तपासले होते. दोन्हींच्या चाचण्या हिरव्या होत्या. चाचण्या एकेकट्याच्या होत्या.

संध्याकाळी सातला गर्दी सुरू झाली. कॅश नसल्याने डेटाबेस जरा मंदावला. काही विनंत्या फसल्या. फसलेली प्रत्येक विनंती माझ्या बदलामुळे लगेच परत आली, मग परत, दहादा. डेटाबेस आणखी मंदावला, आणखी फसल्या. तीन तास सगळं ठप्प. रात्री दहाच्या सुमारास टीममधल्या एका सीनियरने वैतागून पुन्हा पाठवण्याची सोयच पूर्ण बंद केली. दहा मिनिटांत सेवा उभी राहिली. कॅश तेव्हाही नव्हताच.

पडवीत ताई रॅड५१बद्दल बोलत होती तेव्हा मला तो सीनियर आठवला.

त्या आठवड्यात ड्यूटीवर मी होतो, म्हणून अहवाल मी लिहिला. हे महत्त्वाचं आहे. 'मूळ कारण, एका वाक्यात' यापुढे मी लिहिलं की सकाळच्या रिलीजमध्ये कॅश काढल्यामुळे डेटाबेसवरचा भार वाढून सेवा बंद पडली. खाली 'इतर घटक' म्हणून सहा मुद्दे होते, त्यात चौथा होता, 'रिट्रायच्या संख्येत वाढ'. अहवालात कुणाचं नाव घालायचं नाही असा नियम होता, दोषारोप टाळण्यासाठी. फक्त त्या बदलाची लिंक द्यायची. लिंकवर क्लिक केलं की नाव येतं. सगळे क्लिक करतात.

तीन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. त्या अहवालामुळेच सोडली असं मी म्हणणार नाही. कारणं एका वाक्यात सांगायची नाहीत हे मी आता ठरवलं आहे.

मी तेव्हा मुद्दाम स्वतःला वाचवलं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर तसं वाटलंही नव्हतं. कॅश काढणं हे मला खरोखरच 'कारण' वाटलं आणि माझा बदल 'घटक'. आता विचार करतो तेव्हा त्यामागचं व्याकरण दिसतं. त्याने काहीतरी काढलं होतं, मी काहीतरी दिलं होतं. काढणाऱ्यावर आपला संशय पटकन जातो. मदत वाढवणाऱ्यावर जात नाही. जास्त प्रयत्न, जास्त चिकाटी, जास्त काळजी ही आपण 'जास्त झालं तर बिघडेल' अशा यादीत कधी धरतच नाही. रॅड५१ दुरुस्ती करतो म्हटल्यावर तो मारत असेल अशी शंका कुणाला येणार?

यावर तत्त्वज्ञानात बरंच लिहिलेलं आहे, असं मला नंतर वाचताना कळलं. साधी कसोटी अशी असते की 'हे झालं नसतं तर ते झालं असतं का?' माझ्या गुरुवारी ही कसोटी दोघांनाही लागू होते. त्याचा बदल नसता तर सेवा पडली नसती, माझा नसता तरी पडली नसती. आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर दोघंही सुटतात. माझा बदल एकटा निरुपद्रवी होता, त्याचाही. डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात नैतिक हिशेबात आपण करतो त्या चुकांवर एक प्रकरण लिहिलं आहे. त्यातली एक चूक म्हणजे माझ्या एकट्याच्या कृतीने काय झालं एवढंच मोजणं. त्याचं म्हणणं, माझी कृती इतरांच्या कृतींसोबत मिळून ज्या गटाचा भाग होते त्या गटाने काय केलं हेही बघावं लागतं.

आपल्याकडे हे फार जुनं आहे. न्यायदर्शनात कार्य घडतं ते एका कारणाने नव्हे, सगळी कारणसामग्री जुळली की. गीतेच्या १८व्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. आमच्या घरी आजोबांची 'गीतारहस्य'ची प्रत आहे, रत्नागिरीतल्या बऱ्याच घरांत असते. टिळक इथे जन्मले म्हणून ती घेतली जाते आणि जाड आहे म्हणून कपाटातच राहते. मी या निमित्ताने ती काढली. पाच कारणांच्या यादीत कर्ता पाचातला एक आहे, आणि जो स्वतःलाच एकमेव कर्ता समजतो त्याला समज कमी आहे, असं गीता पुढे म्हणते. हे वाचून मला आधी हलकं वाटलं. मग तो हलकेपणा आवडेना.

कारण ही पळवाट आहे, आणि आपल्याकडे ती भरपूर वापरात आहे. कुठे पूल पडला, कुठे होर्डिंग पडलं की पहिल्या दिवशी सगळे एकाचं नाव घेतात. मग कागद फिरत फिरत सामग्री इतकी वाढते की शेवटी पाऊस जास्त झाला एवढंच उरतं. जोडीने मारलं म्हणजे कुणीच मारलं नाही, हा निष्कर्ष यीस्टच्या तक्त्यातून काढणं सोपं आहे. प्रथिनांना तो चालेल. त्यांना दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायचं नसतं.

जबाबदारी दोघांत वाटली की अर्धी अर्धी होते, हे गृहीतच मला पटत नाही. माझ्या बाबांनी एकदा एका मित्राच्या कर्जाला जामीन राहून सही केली होती. दोघे जामीनदार होते. आईने विचारलं, "म्हणजे वेळ आली तर निम्मे आपण भरायचे ना?" पतपेढीतले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "वहिनी, तसं नसतं. पूर्ण रक्कम यांच्याकडूनही मागता येते आणि त्यांच्याकडूनही." आई ते वाक्य कित्येक वर्षं विसरली नाही. कर्ज फिटेपर्यंत तिने त्या दुसऱ्या जामीनदाराची खबरबात ठेवली, त्याची नोकरी, त्याचं आजारपण, त्याच्या मुलीचं लग्न. आधी त्याला ती ओळखतही नव्हती. सही एकाच कागदावर होती म्हणून ओळखायला लागली.

मला वाटतं, माझी चूक कोडमध्ये नव्हती. इतर कशाने माझी मदत आवाक्यात राहते आहे हे मी विचारलं नव्हतं, ही पहिली चूक. तीन प्रयत्न चालत होते ते कॅश होता म्हणून. मी दहा केले तेव्हा तो आहे की नाही हे बघायला दोन मिनिटं लागली असती. त्यानेही बघायला हवं होतं, पूर्ण. मीही, पूर्ण. दुसरी चूक अहवालातली, ती एकट्याची.

एका वाक्यातल्या कारणाने किती नुकसान होऊ शकतं याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये तीन माणसांच्या रक्ताची नोंद प्रसिद्ध केली. नेहमीच्या तपासणीत ते रक्त 'ओ' गटाचं दिसायचं, पण त्यांना 'ओ' गटाचंही रक्त चालत नव्हतं. त्यालाच पुढे बॉम्बे ब्लड ग्रुप हे नाव मिळालं. झालेलं असं असतं: 'ए' आणि 'बी' ही चिन्हं रक्तपेशीवर उभारायला आधी 'एच' नावाचा पाया लागतो. काही माणसांत तो पाया घालणारं जनुकच दोन्हीकडून बिघडलेलं येतं. मग 'बी'चं जनुक धडधाकट असूनही त्याचं चिन्ह उमटत नाही. भारतात दहा हजारांत साधारण एक माणूस असा असतो, युरोपात दहा लाखांत एक.

'ओ' निगेटिव्ह म्हणजे कुणालाही चालणारं रक्त, असं आपण शाळेत शिकतो. सगळ्यात उदार रक्त. पण 'ओ' पेशींवर 'एच' भरपूर असतो, आणि बॉम्बे गटाच्या माणसाचं शरीर त्या 'एच'वरच तुटून पडतं. त्याला ते उदार रक्त जीवघेणं ठरू शकतं. इथेही मदतीचा गुण मदतीत नाही, ज्याला ती मिळते त्याच्या रक्तात आधी काय आहे त्यावर आहे.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते दुसऱ्या गोष्टीने. समजा वडील बॉम्बे गटाचे, आत 'बी'चं जनुक मूक असलेले. साध्या तपासणीत 'ओ'. आई खरोखरची 'ओ'. आईकडून बाळाला 'एच'चं चांगलं जनुक मिळालं, वडिलांकडून 'बी'. बाळ 'बी' गटाचं. दहावीच्या पुस्तकातलं गणित म्हणेल, 'ओ' आणि 'ओ'चं मूल 'बी' होऊच शकत नाही. आता या घरात 'मूळ कारण, एका वाक्यात' हा रकाना कुणाच्या नावाने भरला जाईल? वडिलांच्या रक्ताची पुन्हा तपासणी करा, असं किती घरांत सुचेल? जे वाक्य लिहिलं जाईल ते पुस्तकाप्रमाणे बरोबरही असेल. ज्याला ते लिहायचं असतं त्याच्याजवळ पेन असतं, आणि ज्याच्याबद्दल असतं तिच्याजवळ बहुतेक वेळा नसतं.

या जोड्यांच्या ज्ञानाचा उपयोगही होतो, तो सांगायला हवा. काही कॅन्सरच्या पेशींत दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असते. मग औषधाने दुसरी वाट बंद करायची. निरोगी पेशी पहिल्या वाटेने निभावतात, कॅन्सरच्या पेशी मरतात. बीआरसीए जनुक बिघडलेल्या पेशींवर हे २००५ साली दाखवलं गेलं आणि त्यातून आज वापरात असलेली औषधं निघाली. २०१९ साली असंच वर्नर सिंड्रोमच्या त्या हेलिकेजबद्दल कळलं. डीएनए लिहिताना झालेल्या चुका सुधारणारी यंत्रणा मोडलेल्या काही कॅन्सरपेशी त्याच्यावाचून जगत नाहीत. ज्याच्या नसण्याने माणूस विशीत म्हातारा दिसायला लागतो, त्याला अडवणारी औषधं आता शोधली जात आहेत. त्यातलं एखादं कामाला येईल तेव्हा डॉक्टरला रुग्णाबद्दल एकच गोष्ट नीट माहीत असावी लागेल: आधीच काय गेलेलं आहे.

गणपती झाल्यावर ताई पुण्याला गेली. मी त्या सहकाऱ्याला मेसेज लिहायला घेतला आणि आठ दिवस लिहीत होतो. पहिल्या मसुद्यात रॅड५१ होता, पारफिट होता. तो खोडला, कारण ते सगळं वाचून त्याला वाटलं असतं की मी त्याला समजावतोय. शेवटी चार ओळी राहिल्या. त्या गुरुवारी माझाही बदल गेला होता, दोन्ही मिळून सेवा पडली, अहवालात मी एकच लिहिलं, ते चुकीचं होतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. "तुझा किती वाजता गेला होता?"

मी लिहिलं, ४.१०.

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं, मग थांबलं, मग पुन्हा दिसलं. मग त्याने लिहिलं, "मी माझाच कोड घरी तीन वेळा चालवून बघितला होता. पडतच नव्हता."